निसर्ग अभ्यास सहल म्हणजे नेमकं काय? गिरगाव ते शिवडी, मुंबईतच कुठे आणि कसं जायचं?

गोष्ट आहे १९०८ सालच्या आसपासची. गिरगावातल्या खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. ती हातात घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही नेहमीची चिमणी नाही. हिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे.

ही कोणती चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. मुलगा बिचकतच आत गेला. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटाचे खण उघडून संस्थेनं जमवलेले पक्ष्यांचे नमुने त्याला दाखवले आणि वाचायला पुस्तकंही दिली.

तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. पुढे भारताचे 'बर्डमॅन' म्हणून जगभर ओळखले गेलेले पक्षीशास्त्रज्ञ. १९८५ मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या चिमणीला जागा दिली.

निसर्ग अभ्यास सहल म्हणजे काय, हे समजायला ही गोष्ट पुरेशी आहे. एक मूल, त्याला पडलेला एक खरा प्रश्न आणि उत्तर द्यायला वेळ असलेला एक जाणकार माणूस. जंगल, रिसॉर्ट, जीप सफारी वगैरे सगळं त्यानंतर.

पिकनिक आणि अभ्यास सहल यात फरक काय?

शाळेची सहल म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? पहाटेची बस, अंताक्षरी, वॉटर पार्क आणि संध्याकाळी झोपलेली मुलं. त्यात वाईट काही नाही. मुलांना मजा हवीच.

पण अभ्यास सहलीत तीन गोष्टी वेगळ्या असतात.

पहिली, जागा आणि वेळ निसर्गाच्या हिशोबानं ठरते. पक्षी सकाळी लवकर दिसतात, समुद्रकिनारा ओहोटीला दिसतो, पावसाळ्यात वेगळ्या गोष्टी दिसतात आणि हिवाळ्यात वेगळ्या.

दुसरी, सोबत विषयाचा जाणकार असतो. तो नावं सांगतो आणि ती वनस्पती किंवा तो प्राणी तिथेच का आहे, हेही उलगडून दाखवतो.

तिसरी, मुलं काहीतरी नोंदवून आणतात. चार ओळी, एखादं चित्र, मोजलेला आकडा. नुसते फोटो काढून आणले तर ती पिकनिकच.

सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर पुस्तकं आली, प्रकल्पाच्या वह्या आल्या. मात्र कांदळवनाचं चित्र वहीत चिकटवणारी कितीतरी मुलं शिवडीपासून दोन-तीन स्टेशनांवर राहतात आणि त्यांनी खरं कांदळवन पाहिलेलं नसतं. अभ्यास सहल ही दरी भरून काढते.

मुंबईत याची सुरुवात कुठून झाली?

१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिथे आठ निसर्गप्रेमी जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आज आपण तिला बीएनएचएस म्हणतो.

या आठ जणांमध्ये दोन भारतीय होते आणि दोघेही मराठी डॉक्टर. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे अभ्यासक आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. म्हणजे निसर्ग अभ्यास हे फक्त साहेब लोकांचं काम होतं, असं म्हणता येत नाही.

संस्थेच्या जुन्या कार्यालयात विल्यम नावाचा एक धनेश राहायचा. १८९४ मध्ये कारवारहून पिल्लू म्हणून आलेला हा पक्षी १९२० पर्यंत तिथेच होता. आज बीएनएचएसच्या बोधचिन्हावर धनेश आहे आणि फोर्टमध्ये लायन गेटसमोरच्या मुख्यालयाचं नावही 'हॉर्नबिल हाऊस' आहे. हॉर्नबिल म्हणजे धनेश. संस्था आजही निसर्गभ्रमंती, शिबिरं आणि अभ्यासक्रम घेते. गोरेगावला फिल्म सिटीजवळ तिचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे, तिथे शाळांच्या सहली जातात.

दक्षिण आणि मध्य मुंबईत कुठे जाता येईल?

यातल्या बहुतेक जागा लोकल किंवा बेस्टनं गाठता येतात.

राणीची बाग, भायखळा. हिचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. नावात आधी 'वनस्पती उद्यान' आहे, हे लक्षात घ्या. १८६२ मध्ये सुरू झालेली ही बाग त्याआधी शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली.

२०१७ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाल्यापासून गर्दी तिकडेच वळते. पण अभ्यासासाठी खरा खजिना आहे इथली सुमारे तीन हजार झाडं. जाडजूड बुंध्याची गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात. उर्वशीचं झाड मूळचं म्यानमारचं, ते हिवाळ्याच्या शेवटी फुलतं. 'आफ्रिकेतलं झाड भायखळ्यात कसं आलं?' एवढ्या एका प्रश्नावर इतिहास, भूगोल आणि विज्ञान असे तीन तास घेता येतात. बाग बुधवारी बंद असते.

शिवडीची दलदल. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ते मुंबईच्या खाडीत असतात. यातले बरेच गुजरातेतल्या कच्छच्या रणातून येतात असं मानलं जातं. धाकटा रोहित वाकडी चोच पाण्यात उलटी धरतो आणि सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. या शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याची पिसं गुलाबी होतात. पिल्लं राखाडी असतात.

रोहितांसोबत शेकाटे, तुतवार, बगळे दिसतात. खाली नजर टाकली तर चिखलावर सरपटणारी निवटी दिसते. हा मासा पाण्याबाहेरही बराच वेळ राहतो. तिवराची झाडं चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर काढतात. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळं श्वास घेण्यासाठी बाहेर येतात. जेट्टीचा परिसर मुंबई बंदर प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. त्यामुळे गट न्यायचा असेल तर प्रवेशाची चौकशी आधी करा.

गिरगाव चौपाटी, हाजी अली आणि वरळीचा किनारा. 'मुंबईच्या समुद्रात कचऱ्याशिवाय काय आहे?' असं वाटत असेल तर ओहोटीला हाजी अलीच्या खडकांजवळ उभे राहा. खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात शंख पाठीवर घेऊन फिरणारे हर्मिट क्रॅब, फुलासारखे उमलणारे सी ॲनिमोन, कालवं, स्पंज आणि कधी कधी प्रवाळही दिसतं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरिन लाइफ ऑफ मुंबई' या नागरिकांच्या उपक्रमानं अशा किनाराफेऱ्या लोकांपर्यंत नेल्या.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावी-माहीम. सायनहून वांद्र्याकडे जाताना मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचं हे जंगल लागतं. इथे पूर्वी शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. बिघडलेली जमीन पुन्हा जिवंत करता येते, याचा यापेक्षा जवळचा पुरावा मुंबईच्या मुलांना दुसरीकडे मिळणार नाही. फुलपाखरं पाहायला पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले.

मलबार हिलचा निसर्ग उन्नत मार्ग. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला हा लाकडी मार्ग झाडांच्या शेंड्यांमधून जातो. लांबी ४८५ मीटर. ऑनलाइन वेळ आरक्षित करावी लागते. सुरू झाला तेव्हा भारतीयांसाठी तिकीट २५ रुपये होतं. फांद्यांच्या उंचीवरून तांबट, शिंजीर, दयाळ पाहायला मिळणं हा गिरगावकरांसाठी वेगळाच अनुभव आहे. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर जा.

पाऊस असेल तर? फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचा नैसर्गिक इतिहास विभाग आहेच. तिथले बरेच नमुने बीएनएचएसच्या मदतीनं जमले आहेत.

ओहोटीची वेळ कशी काढायची?

किनाऱ्याची सहल फसते ती बहुतेक वेळा इथेच. बस आली, मुलं उतरली आणि समोर भरती. खडक पाण्याखाली.

२०२५ चं गणेश विसर्जन आठवतंय? अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोहोचला. पण भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर चढवणं जमेना. विसर्जन व्हायला रात्र झाली. त्या दिवशी पौर्णिमा होती, हे इथे महत्त्वाचं.

कोकणात एक जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊण पट करा, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराचे पाऊण पट म्हणजे सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी बाराच्या आधी-मागे पूर्ण भरती असते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास. तशीच एक ओहोटी पहाटेही असते.

आता दुसरा मुद्दा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढतं, तसंच जास्त उतरतं. याला उधाण म्हणतात. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. अष्टमीच्या आसपास ही ओढ विभागली जाते, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. कोळी लोक याला भांग म्हणतात.

म्हणजे खडकांवरचं जीवन पाहायचं तर उधाणाची ओहोटी हवी आणि ती पहाटे किंवा संध्याकाळी येते. शाळेच्या 'दहा ते चार' वेळापत्रकात ती बसत नाही. म्हणून किनारा पाहायचा असेल तर वेळ शाळेनं बदलावी लागते, समुद्र बदलत नाही.

शिवडीला मात्र उलटं आहे. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि रोहित लांब जातात. भरती ओसरायला लागल्यावर किंवा पाणी पुन्हा चढत असताना ते काठाजवळ दिसतात.

तिथीचा हिशोब ढोबळ आहे. सहल ठरवताना त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक नक्की पाहा.

चांगला मार्गदर्शक कसा ओळखायचा?

आता निसर्ग सहली काढणारे गट भरपूर आहेत. इन्स्टाग्रामवर सगळ्यांचे फोटो छानच असतात. मग निवडायचं कसं? पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. एका मार्गदर्शकामागे किती मुलं? पंधरा-वीसच्या वर संख्या गेली की मागच्या मुलांना काहीच ऐकू येत नाही.

२. मार्गदर्शकानं ती जागा याआधी, त्याच ऋतूत पाहिली आहे का?

३. मुलांशी तो कोणत्या भाषेत बोलणार? मराठी माध्यमाच्या मुलांना खंड्या, भारद्वाज, घार ही नावं माहीत असतात. त्यांच्यावर फक्त इंग्रजी नावांचा मारा केला तर ओळखीचा पक्षीही परका होतो.

४. काही दिसलं नाही तर काय करणार? 'शंभर टक्के दाखवतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. निसर्गात हमी नसते. चांगला मार्गदर्शक एका पिंपळाखाली तासभर मुलांना गुंतवून ठेवतो.

५. प्रथमोपचार, जवळचं रुग्णालय आणि परतीची व्यवस्था याबद्दल त्याच्याकडे लेखी माहिती आहे का?

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणं, खाऊ टाकणं, घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं हे कुणी करत असेल तर तो गट टाळाच.

सुरक्षिततेचं काय?

हा मुद्दा शेवटी वाचून सोडून देण्याचा नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातल्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडला गेली होती. समुद्रात उतरलेले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीतल्या बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

म्हणून काही नियम न मोडण्यासारखे. किनाऱ्याची अभ्यास सहल म्हणजे पोहणं नाही, पाणी गुडघ्याच्या वर जाईल तिथे कुणीही जायचं नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी पोहोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं. पाणी परत येताना आधी खळगे भरतं आणि मागची वाट बंद होते. पायात घट्ट तळव्याचे बूट हवेत, चप्पल नको. खडकांवरचं शेवाळ निसरडं असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर ब्लू बॉटल वाहून येतात. निळ्या फुग्यासारखे दिसतात, मुलांना हात लावावासा वाटतो आणि डंख जबर असतो. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी अनेकांना डंख मारले होते. त्यामुळे ओळखीचं नसलेल्या कशालाही हात लावायचा नाही.

शाळेनं शिक्षण विभागाच्या नियमांप्रमाणे परवानगी आणि पालकांचं लेखी संमतिपत्र घ्यावं. पालकांनीही सही करण्याआधी 'कुठे' सोबत 'किती शिक्षक' हेही विचारावं.

शंख-शिंपले घरी आणले तर चालतात का?

नाही आणलेले बरे. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. बाकीचे रिकामे शंखसुद्धा रिकामे नसतात, हर्मिट क्रॅबला राहायला तेच घर लागतं. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याखाली कुणीतरी राहत असतं.

सहलीनंतर काय करायचं?

इथेच सहलीचा 'अभ्यास' होतो. प्रत्येक मुलानं तारीख, वेळ, जागा, तिथी आणि दिसलेल्या गोष्टी लिहायच्या. नाव माहीत नसेल तर वर्णन आणि चित्र. 'पांढरा, लांब पाय, काळी चोच, चिखलात एकटा' एवढंही चालतं.

फोटो असतील तर शिक्षकांच्या खात्यावरून आयनॅचरलिस्टवर टाका, जाणकार ओळख पटवायला मदत करतात. पक्ष्यांच्या यादीसाठी ईबर्ड आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, त्यात शाळेच्या मैदानावरचे कावळे मोजूनही भाग घेता येतो.

आणि शक्य असेल तर त्याच जागी पुन्हा जा. एकाच ठिकाणी जूनमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि मार्चमध्ये गेलेल्या मुलांना जे कळतं, ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकेकदा जाऊन कळत नाही.

हे आत्ताच का करायचं?

कारण या जागा बदलतायत. कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मुंबईत प्रवाळ आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या बातमीमुळेच पहिल्यांदा कळलं. शिवडीच्या दलदलीवरून आता अटल सेतू जातो, तो जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. दुसरीकडे ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

रस्ते हवेत की नकोत, हा वाद वेगळा. पण पुढच्या वेळी असा निर्णय होईल तेव्हा तिथे काय राहत होतं हे सांगणारं कुणी हवं. ते सांगणारी मुलं आज परळच्या चाळीत, लालबागच्या टॉवरमध्ये, दादरच्या आणि गिरगावच्या शाळांत आहेत.

खेतवाडीच्या त्या मुलाला फोर्टपर्यंतच जावं लागलं होतं. मिलार्ड यांनी त्या दिवशी 'मला वेळ नाही' म्हटलं असतं तर? म्हणून तुमच्या घरातलं किंवा वर्गातलं मूल 'हा कोणता पक्षी?' असं विचारेल, तेव्हा उत्तर येत नसलं तरी हरकत नाही. ज्याला येतं, त्याच्यापर्यंत त्याला घेऊन जा.